डोंगरातली भरती

गुशैणी, १३ मे

नामा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते आधी उलटंसुलटं करशील, मग काशीच्या हातात देशील आणि म्हणशील, तूच वाच. तर काशी, मोठ्यानं वाच. आणि नामा, तू टीव्हीचा आवाज कमी कर.

सहा वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणून घाबरू नका, कुणी गेलेलं नाही. मी आणि रखमा ठणठणीत आहोत. जासईच्या भंगारवाल्याकडं आपण दोघांनी ती पिवळी शाळेची बस बघितली होती, आठवतंय? तू म्हणाला होतास, दादा, ट्रेलर चालवायचं सोडलं की हिच्यात खाट टाकू आणि हिमालय बघून येऊ. ती बस मी घेतली, हे गावानं तुला सांगितलंच असेल. दोन वर्षं खपून आत खाट, गॅस, पाण्याची टाकी, पंखा सगळं बसवलं. रखमानं जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले. आतून घर झालं, बाहेरून शाळाच राहिली. अजून सिग्नलला एखादी आई पोराचं दप्तर सावरत हात दाखवते.

तर ती बस घेऊन आठ तारखेला निघालो आणि काल इथं पोचलो. हिमाचल, कुल्लूच्या अलीकडं, तीर्थन नदीचं खोरं. पुढं सगळा नॅशनल पार्क. त्यात गाडीला रस्ताच नाही. गाडी बाहेर लावायची, परवाना काढायचा, गाईड घ्यायचा आणि पायी जायचं. ऑफिसातल्या साहेबानं माझ्या पोटाकडं बघून विचारलं, बाबा, एवढं चालाल का? मी म्हटलं, तुम्ही फॉर्म भरा.

गाईडचं नाव इंद्रजित. चाळिशीचा आहे, सफरचंदाची बाग आहे, चालतो भरभर आणि बोलतो सावकाश. त्याच्या बागेच्या कडेला आमची बस उभी आहे. काल रखमानं सुकट भाजली तर त्याची आई धावत आली, काय जळतंय म्हणून. रखमानं तिला बसवून भाकरीबरोबर चटणी खायला घातली. म्हातारीनं पाणी चार वेळा मागितलं, पण ताट पुसून खाल्लं.

उकाडा सोसवत नव्हता म्हणून आलो. तुझ्या निशीच्या हळदीशी याचा काही संबंध नाही. हळद तेवीसला आहे हे मला माहीत आहे. रखमा म्हणाली, तू अक्षत घेऊन आला होतास. मी तेव्हा उरणला बाजारात गेलो होतो. परत आलो तर पायरीवर पत्रिका आणि अक्षत ठेवलेली होती. बरं झालं. आपल्या घरात पहिली हळद थोरल्या घरानं लावायची रीत, पण आता रीत कोण बघतो? काशीचा भाऊ लावेल. पोरगी सुखी होऊ दे.

लिहायचं कारण एवढंच की मागचं डावं चाक आवाज करतंय. तू नुसतं ऐकून सांगायचास, बेरिंग की ब्रेक. पत्रातून आवाज कसा पाठवणार म्हणा. तरी कळवतो. बेरिंगच असावं.

गोटीराम

बसमध्ये, १७ मे

नामा,

तीन दिवस पार्कात राहून आज सकाळी अकराला परत आलो. नामा, मी खरं सांगतो, मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

आपण आयुष्यभर डोंगर कसला बघितला? खणलेला. अर्धा कापून नेलेला, भरावाला टाकलेला. इथं डोंगराला कुणी हातच लावलेला नाही. देवदार म्हणजे केवढा, तर मी आणि रखमानं दोन्ही बाजूंनी कवळा घातला तरी आमचे हात एकमेकांना लागेनात. नदी कायम डाव्या हाताला, एवढी मोठ्यानं बोलणारी की आम्हां नवरा-बायकोला भांडायची सोय नाही. रखमा नऊवारी खोचून आणि पायात बूट घालून चालते. परवा समोरून पुण्याची चार पोरं पाठीवर हे एवढं ओझं घेऊन आली, धापा टाकत. ही त्यांना म्हणते, हळू चला रे, डोंगर कुठं जात नाही.

रोल्ला म्हणून जागा आहे, तिथं तंबू टाकला. इंद्रजितनं पलीकडच्या कड्यावर जंगली बकऱ्या दाखवल्या. मला अर्धा तास दिसल्या नाहीत, मी दिसल्या म्हणालो. मग खरंच दिसल्या आणि ओरडलो, तेव्हा माझं आधीचं खोटं उघडं पडलं. नदीतल्या दगडावर एक लहानसा काळपट पक्षी होता. तो सारखा उठाबशा काढायचा आणि सरळ पाण्यात घुसायचा, पुन्हा वर यायचा, कोरडा. आपल्या मिठागरावर एवढे पक्षी बघितले, असा आगाऊ एक नव्हता. इंद्रजित प्रत्येक बिस्किटाचा कागद मोजून परत घेतो. मला पार्कातला जेलर म्हणावासा वाटला, पण माणूस सोन्यासारखा आहे.

आता खरी गंमत ऐक. बागेच्या वर एक ओढा आहे, तो खाली नदीला मिळतो. आज पार्कातून आलो तेव्हा दगडांवर पाय देऊन आरामात ओलांडला. दुपारी चहा घेऊन बसलो, तर पाणी चढायला लागलं. आभाळात ढग नाही आणि पाणी वर. पुरतं भरलं तेव्हा मी घड्याळ बघितलं, पावणेचार. रखमाला विचारलं, आज तिथी कोणती? पंचमी. पाचाची पाऊणपट किती? पावणेचार. नामा, माझ्या अंगावर काटा आला. आजोबा बांधावर बसून आपल्याला शिकवायचे, तिथीची पाऊणपट करा, पुरत्या भरतीची वेळ सापडते. समुद्र सोडून एवढं लांब आलो, तरी हिशेब मिनिटाला मिनिट जुळला.

मी इंद्रजितला सगळं समजावून सांगितलं, चंद्र, तिथी, उधाणाची मोठी भरती, भांगाची लहान भरती. तो म्हणाला, जी. मग म्हणाला, बाबा, पण बारानंतर ओढा ओलांडू नका. बिचाऱ्याला काही कळलं नाही.

रखमा माझ्या पत्राचे फोटो काढते. म्हणते, आठवण. काढू दे.

गोटीराम

बसमध्ये, २० मे, संध्याकाळ

नामा,

हस. आधी पोटभर हस, मग पुढचं वाच.

दोन दिवस बस बंजारला नेऊन चाक दुरुस्त केलं. बेरिंगच होतं. आज सकाळी दहाला मी आणि रखमा ओढा ओलांडून पलीकडच्या कुरणात गेलो. इंद्रजित बागेत होता, त्यानं लांबून हात करून सांगितलं, बाराच्या आत या. मी पण हात केला. मनात म्हटलं, आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला पुरती ओहोटी. बाराला तर पाणी सगळ्यात कमी असणार, दोनपर्यंत काय घाई आहे?

भाकरी खाल्ली. देवदाराखाली मी जरा आडवा झालो. बाराला रखमा म्हणाली चला, मी म्हटलं बस गं. एकला म्हणाली, पाणी वाढलंय. मी म्हटलं, डोळ्यांना वाटतं तसं. दीडला उठून बघितलं तर पहिले तीन दगड गेलेले. मी काठावर उभा राहून वाट बघत बसलो, ओहोटीची! अडीचला एक दगड शिल्लक नाही, आणि पाणी असं की बैल घातला तर बैल जाईल.

इंद्रजित पलीकडं आला, त्यानं बसून राहा अशी खूण केली. वर कोसभर अंतरावर ओंडक्यांचा साकव आहे, तिथून फिरून आमच्यापर्यंत यायला त्याला पाच वाजले. त्यानं काही ऐकवलं नाही. रस्त्यानं एवढंच समजावलं, की वर बर्फ आहे, सकाळचं ऊन लागलं की ते वितळतं आणि ते पाणी दुपारनंतर इथं पोचतं. रोज. पंचमी असो नाही तर अमावास्या. त्या दिवशी पावणेचार जुळले तो योगायोग. या पाण्याला चंद्र माहीतच नाही.

आगरी माणूस हिमालयात येऊन ओहोटीची वाट बघत बसला, हे मी इथं कुणाला सांगू? इंद्रजितला सांगितलं तर तो म्हणतो, जी. साऱ्या जगात हे ऐकून जमिनीवर लोळेल असा एकच माणूस आहे आणि त्याच्याशी मी सहा वर्षं बोललेलो नाही. तिथं त्या दगडावर बसून मला पहिल्यांदा तुझी एवढी आठवण आली की छातीत दुखलं.

आता दुसरं. ते अडीच तास आम्ही दोघं दगडावर बसलो होतो. रखमा रागावली नव्हती, तेच वाईट. पाण्याकडं बघत म्हणाली, "त्या मानसाला नुसतं विचारायचं होतं, बारानंतर का नको. तुमी कवा कुनाला विचारता?"

मला कळलं ती कुठल्या दिवसाचं बोलत होती.

आपल्या ट्रेलरवाल्यांच्या संपाचा चौथा दिवस. एकही गाडी हलणार नाही असं ठरलेलं, आणि यार्डाच्या गेटवर मी उभा. तू पुढचं तोंड तेवढं घेऊन निघालास, मागं ट्रेलर जोडलेला नव्हता. मागं ट्रेलर नाही म्हणजे माल नाही, हे मला दिसायला हवं होतं. तुला खाली ओढला आणि दोनशे ड्रायव्हरांसमोर कानाखाली मारली. म्हटलं, माझ्याच घरात फितूर निघाला. तू नुसतं केबिनकडं बोट दाखवलंस. आत सिताराम वॉचमन छाती धरून पडला होता. सगळा रस्ता आमच्याच गाड्यांनी अडवलेला, रुग्णवाहिका येणार कुठून? मी बाजूला झालो, तू गेलास. म्हातारा वाचला तो तुझ्यामुळं. महिन्याभरानं त्यानं स्वतः येऊन माझे पाय धरले, म्हणाला, तुमच्या भावानं जीव वाचवला. मी त्याला चहा पाजला आणि तुझ्याकडं आलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत सहा वर्षं गेली. मग मला वाटायला लागलं की तूच यायला हवंस. थोरला कोण आहे?

आणि तू आलास. नामा, त्या दिवशी मी बाजारात नव्हतो. बसखाली होतो, सायलेन्सरला तार बांधत. फाटक वाजलं, तुझ्या चपला दिसल्या. तू दादा म्हणून हाक मारलीस, दोनदा. मी पाना हातात धरून गप्प पडून राहिलो. रखमाला आधीच बजावलं होतं, कुणी आलं तर बाजारात गेलेत सांग. तिनं आतूनच तसं सांगितलं. तू अक्षत पायरीवर ठेवलीस, थोडा वेळ उभा राहिलास आणि गेलास. मी तसाच तासभर पडून होतो. तोंड धुतलं तर रखमा म्हणाली, डोळे लाल झाले. मी म्हटलं, ग्रीस गेलं.

ते ग्रीस नव्हतं, हे मी तिला आज दगडावर सांगितलं. ती म्हणाली, "माज्या तोंडून भावजींना खोटं बोलवलंत. माज्या हातची हळद पन तुमीच हिरावून घेतलीत." मग ती रडली. मी पण रडलो, लाज कसली, तिथं बघायला बकऱ्यासुद्धा नव्हत्या.

मी चुकलो, नामा. विचारायच्या आधी हात उचलला आणि मग सहा वर्षं तोच हात मागं लपवून फिरलो. मारलं चारचौघांत आणि माफी मागतोय पत्रात, हे पण बरोबर नाही, कळतंय. उद्या पहाटे निघतो. तेवीसच्या हळदीला पोचतो. तू हाकलून दिलंस तर रखमाला तरी आत घे. निशीला तिनं मांडीवर वाढवलंय.

तुझा दादा

किशनगडच्या पुढचा ढाबा, २२ मे, दुपार

नामा,

जेवण येईपर्यंत चार ओळी. काल पहाटे पाचला निघालो. इंद्रजितच्या आईनं अक्रोड दिले, निशीला. मी इंद्रजितला म्हटलं, पार्क अर्धाच बघून चाललो. तो म्हणाला, पार्क पुढल्या वर्षी पण इथंच असेल. माणसाला बोलता येतं, पण वापरत नाही.

मघाशी गाडीत रखमानं कबूल केलं. माझ्या प्रत्येक पत्राचा फोटो तिनं त्याच दिवशी तुला पाठवला. पोस्टात टाकलेली पत्रं अजून वाटेतच असतील. मी गाडी बाजूला घेतली आणि तिच्यावर ओरडलो. ओरडून झाल्यावर विचारलं, काय म्हणाला? तिनं फोन पुढं केला. दोन निळ्या खुणा. चारही पत्रं... नाही, तीन पत्रं, सगळी वाचलेली. उत्तर नाही.

बरोबर आहे. मी तुझ्या जागी असतो तर मी पण दिलं नसतं. मी तर वाचलं पण नसतं.

तरी येतोय. अजून हजार किलोमीटर आहेत. आता ही बस म्हणजे पंचेचाळीस फुटी ट्रेलर नव्हे, पळते. उत्तर येऊ दे नाही तर न येऊ दे, मी काय करणार ते ठरलंय. गेटवर होते त्यातले निम्मे ड्रायव्हर हळदीला असणारच. बेंजोवाल्याचा माइक मागून घेईन आणि त्यांच्यासमोर सांगेन. त्यानंतर तू दुसऱ्या गालाचा हिशेब केलास तरी मी जागचा हलणार नाही.

डाळ आली. रखमा म्हणते, आधी जेवा, मग मरा.

दादा

जासई, २४ मे, लग्नाचा दिवस, सकाळ

दादा,

मना लिवाय येत नाय, तुना ठावं हाय. निशी म्हनाली, आप्पांनी तीन-चार पत्रं लिवली, तुमी एक तरी लिवा. म्हनून लिवतो. मांडवातले उठायच्या आत तुज्या बसच्या काचेला लावून ठेवतो.

पत्रं आमी सगल्यांनी वाचली. निशीनं मोठ्यानं वाचली, टीव्ही बंद करून. ती ओहोटीची वाट बघितलीस तवा मी एवढा हसलो का काशी पानी घेऊन धावली. मंग तेच पत्र पुढं वाचलं आन माजं हसू गेलं. उत्तर काय लिवनार होतो? सहा वर्षांचं फोनवर बोटानं लिवता येतं का?

काल तू साडेचारला आलास. निशी दोन तास पाटावर बसून होती. धवलारीन गानी थांबवून दोनदा बोलली, मुहूर्त चाललाय, लावा हलद. निशी म्हनाली, आप्पा रस्त्यात हाईत, मना कुनी हात लावायचा नाय. माज्यावर गेली नाय ती, तुज्यावर गेली. वयनीनं चप्पल काढायच्या आधी तिला हलद लावली. काशी रडली, सगल्या बाया रडल्या, बेंजोवाला पन थांबला.

मंग तू त्याच्या हातातून माइक घेतलास. तू म्हनालास, "त्या दिवशी माजा भाव बरोबर होता. मी दोनशे जनांसमोर त्याला मारला, आज तुमच्यासमोर सांगतो, चूक माजी होती." मी लगेच बेंजो चालू करायला सांगितला. तुला वाटलं असंल का मी तोंड फिरवलं. रात्री जेवताना पन तू माज्याकडं बघत नव्हतास. म्हनून सांगतो. दादा, बेंजो चालू केला नसता तर मी लहान पोरासारखा रडलो असतो, पोरीच्या सासरच्यांसमोर.

आनखी एक. बसखाली तू होतास ते मना तवाच दिसलं होतं. तुजे पाय बाहेर होते. मी दोन हाका मारल्या आन उभा राहिलो. तिसरी हाक मारायची, नाय तर खाली बसून म्हनायचं, दादा, बाहेर ये. तेवढंच करायचं होतं. मी केलं नाय. मना पन वाटलं, धाकटा म्हनून मीच का? घरी येऊन काशीला सांगितलं, दादा बाजारात गेलाय. तुजं खोटं मीच पुढं चालवलं. माफी एकट्यानं मागू नको. त्यातली अर्धी माजी हाय.

निशी आज सासरी जाईल. घर खायला उठंल. काशीनं आताच सुकटीचा डबा भरून ठेवलाय, म्हनते त्या म्हातारीला देऊ. तुजा अर्धा पार्क राहिलाय ना? पावसाली संपली का आपन चौघं जाऊ. गाडी दोघं चालवू. वढा मातर इंद्रजितला विचारून वलांडायचा.

पहाटे मी तुज्या बसमदून चावी काढून घेतलीय. वयनी म्हनत होती, तुमचा दादा सकाली गुपचूप निघून जायचा, लाज वाटते त्याला. चावी काशीच्या कमरेला हाय. पाठवनी झाल्याशिवाय मिलनार नाय.

आंघोल करून ये. चहा ठेवलाय.

नामा